हेलिकॉप्टर उतरले, पडले नाही

२९ मे २०२३ रोजी भिंड जिल्ह्यात वायुसेनेचे एक अपाचे हेलिकॉप्टर मोकळ्या जागेत उतरले. सरावाचे उड्डाण होते. आतील माणसे आणि यंत्र दोन्ही सुखरूप राहिली. भिंड आपल्या ग्वाल्हेरच्या शेजारचेच. शाळेला सुट्ट्या होत्या, तरी "सर, हेलिकॉप्टर पडलं म्हणे!" असे सांगणारे विद्यार्थी आम्हांला भेटलेच. पडणे आणि उतरणे यांत मोठा फरक आहे. तो समजावून सांगण्यासाठी हा लेख.

अशा उतरण्याला 'प्रिकॉशनरी लँडिंग' म्हणतात, म्हणजे सावधगिरी म्हणून उतरणे. यंत्र चालू असते, चालकाचा ताबा असतो, पण काहीतरी शंका आलेली असते. उदाहरणार्थ, इंजिनाच्या आणि गिअरपेटीच्या तेलात एक लहानसे चुंबक बसवलेले असते. धातूचा कण त्याला चिकटला की चालकासमोर दिवा लागतो. कित्येकदा तो नेहमीच्या झिजेचा बारीक भुगाच निघतो. मिस्त्री येतो, चुंबक पुसतो, इंजिन चालवून पाहतो आणि हेलिकॉप्टर परत जाते. पण कधी तो दाते तुटू लागल्याचा पहिला इशाराही असतो. वर आकाशात बसून हा निवाडा करता येत नाही. म्हणून आधी खाली यायचे.

शहरात पोलिसांचे हेलिकॉप्टर वापरतात तिथे हा प्रश्न जास्त नाजूक होतो. लॉस एंजेलिसच्या पोलिसांकडे १९५६ पासून हेलिकॉप्टर आहेत. पळणाऱ्या चोराच्या मागे, हरवलेल्या माणसाच्या शोधात ही हेलिकॉप्टरे घरांवरून घिरट्या घालतात. इंजिन बंद पडले तरी हेलिकॉप्टर लगेच दगडासारखे कोसळत नाही. खालून येणाऱ्या हवेने पाती फिरत राहतात आणि कुशल चालक ते टेकवू शकतो. पण त्यासाठी उंची हवी, वेग हवा आणि खाली मोकळी जागा हवी. विजेच्या तारा आणि गच्च्यांच्या दाटीत ती कुठून मिळणार? तेव्हा इंजिन चालू असतानाच बाग, मैदान किंवा वाहनतळ निवडून उतरणे हाच शहाणपणा. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'बिघाड' छापून येतो आणि लोक हसतात, ही गोष्ट वेगळी.

न उतरल्याने काय झाले, हे स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराने पाहिले. २९ नोव्हेंबर २०१३ च्या रात्री पोलिसांचे हेलिकॉप्टर एका माणसाच्या शोधासाठी निघाले होते. ते काम झाल्यावर आणखी काही ठिकाणांची पाहणी करून ते परतत होते. त्याच्या मुख्य टाकीतून इंधन पंपांनी दोन छोट्या टाक्यांत जाते आणि तिथून इंजिनांना मिळते. पंपांची बटणे बंद होती. इंधन कमी असल्याचा इशारा पाच वेळा मिळाला. असा इशारा मिळाला की दहा मिनिटांत उतरावे, असा नियम होता. तसे झाले नाही. आधी एक इंजिन थांबले, ३२ सेकंदांनी दुसरे, आणि हेलिकॉप्टर क्लाइड नदीकाठच्या क्लूथा या पबच्या छतावर कोसळले. आत गाण्याचा कार्यक्रम चालू होता. हेलिकॉप्टरमधील तीन आणि पबमधील सात, अशी दहा माणसे गेली. मुख्य टाकीत तेव्हाही ७६ किलो इंधन शिल्लक होते! चालकाने इशाऱ्यांकडे दुर्लक्ष करून धोका पत्करला, असा निष्कर्ष २०१९ मध्ये न्यायालयीन चौकशीत निघाला. इशारे मिळूनही उड्डाण का चालू ठेवले, हे सांगायला मात्र आतले कोणीच उरले नव्हते.

आता आपल्या कामाचे. भिंडला हेलिकॉप्टर उतरताच गावकरी पाहायला जमले. कुतूहल स्वाभाविक आहे, पण उद्या आपल्या मैदानात असे काही उतरले तर सर्वांनी वर्गातच थांबावे. पात्यांच्या वाऱ्याने धूळ, खडे, पत्रेसुद्धा उडतात. शेपटीचे छोटे पंखे फिरताना जवळजवळ दिसतच नाहीत, म्हणून मागच्या बाजूने तर कधीच जाऊ नये. पाती पूर्ण थांबेपर्यंत आणि चालक स्वतः खूण करेपर्यंत शिक्षकांनीही जवळ जायचे नाही. मैदानाच्या फाटकाची किल्ली शिपाईकाकांकडे असतेच. पोलीस आणि मिस्त्री यांची गाडी आत येईल इतकी वाट त्यांनी मोकळी ठेवावी.