पेरू पहिला, आपण कितवे?

साथीच्या आकड्यांचे तक्ते वाचायचा नाद मला 2020 मध्ये लागला आणि साथ ओसरली तरी सुटला नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा कोविडचा तो काळा-लाल नकाशा 10 मार्च 2023 रोजी बंद पडला, पण तोवर नाशिकमधल्या गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत त्यावरून रोज देशांचे क्रमांक लागत असत. अनेकांची मुलं अमेरिकेत, त्यामुळे तुलना आयतीच. दर दहा लाखांमागे मृत्यू तिकडच्या नवव्या-दहाव्या हिश्शाइतके. म्हणजे आपली प्रतिकारशक्ती भारी, असा निकाल चहाबरोबर लागायचा.

या निकालाला पहिला तडा दिला तो पेरूने. 31 मे 2021 रोजी तिथल्या सरकारने कोविड-मृत्यूची व्याख्या बदलली, जुन्या नोंदी तपासल्या आणि मृतांचा आकडा एका दिवसात 69,342 वरून 1,80,764 वर नेला. लोकसंख्येच्या प्रमाणात पेरू जगात पहिला ठरला. त्या दिवशी विषाणू वाढला नव्हता, हिशेब सुधारला होता. प्रामाणिकपणाची शिक्षा म्हणून तक्त्यात पहिला नंबर!

आपल्याकडचं भांडण मे 2022 मधलं. जागतिक आरोग्य संघटना 2020-21 मधल्या जादा मृत्यूंचा, म्हणजे एरवी अपेक्षित असलेल्यांपेक्षा जास्त झालेल्या मृत्यूंचा, अंदाज जाहीर करणार होती. त्याच्या दोन दिवस आधी, 3 मे रोजी, केंद्राने नागरी नोंदणीचा 2020 चा अहवाल घाईने बाहेर काढला: 81.2 लाख मृत्यूनोंदी, आदल्या वर्षापेक्षा पावणेपाच लाख जास्त. 5 मे रोजी संघटनेचा आकडा आला: भारतात 47 लाख जादा मृत्यू. सरकारी कोविड-आकडा होता 4.81 लाख. दिल्लीने गणिती प्रारूपावरच आक्षेप घेतला. आक्षेपात तथ्य होतंच. प्रारूप हा अंदाज असतो. पण अंदाज नको असेल तर मोजदाद हवी, आणि खरी कसोटी ठरणारा 2021 चा अहवाल प्रसिद्ध व्हायला मे 2025 उजाडला.

मला त्या अहवालातली एकच ओळ पुरेशी वाटली. 2021 मध्ये नोंदलेले मृत्यू 1.02 कोटी, म्हणजे 2020 पेक्षा सुमारे 21 लाखांनी जास्त. यातले सगळेच कोविडचे नाहीत. टाळेबंदीत राहून गेलेल्या नोंदी आहेत, नोंदणीतली सुधारणा आहे, लोकसंख्येची वाढही आहे. तरी त्या वर्षीचा अधिकृत कोविड-आकडा साडेतीन लाखांच्याही आत होता. मधली दरी या कारणांनी बुजत नाही.

दरी आधीही दिसली होती, वेगळ्या खात्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने कोविड-मृतांच्या वारसांना 50,000 रुपयांचं सानुग्रह अनुदान सुरू झाल्यावर महाराष्ट्रात दोन लाखांहून जास्त अर्ज आले. राज्याचा अधिकृत आकडा तेव्हा सुमारे 1.41 लाख होता. गुजरातेत दहा हजार मृत्यूंसाठी सुमारे 89 हजार अर्ज. चाचणीनंतर 30 दिवसांतला मृत्यूही अनुदानासाठी धरला जाई आणि काही अर्ज दुबार होते, हे खरं. पण महाराष्ट्रातलं अंतर दीडपट आणि गुजरातेतलं नऊपट का, याचं उत्तर विषाणूत सापडत नाही.

अशी दरी नवी नाही. 1918 च्या इन्फ्लुएन्झानंतर केंद्राचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनी 1919 मध्ये देशभरात 60 लाख मृत्यूंचा अंदाज दिला. 1921 च्या जनगणनेनंतर तो दुपटीवर गेला. 1986 मध्ये संशोधक इयन मिल्स यांनी तो पावणेदोन कोटींच्या आसपास आणून ठेवला. ज्या गावांतून नोंदी वर जायच्या, तीच गावं आजारी होती.

मोजणी झाली तरी कारण ठरवायचं उरतंच. नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात 21 एप्रिल 2021 रोजी टाकीतून गळती होऊन प्राणवायूचा पुरवठा खंडित झाला, 22 रुग्ण दगावले. ते मृत्यू कुठल्या रकान्यात घालायचे? विषाणूच्या की व्यवस्थेच्या? जादा मृत्यूंचा हिशेब हा प्रश्न विचारतच नाही, म्हणून देशांच्या तुलनेसाठी तोच त्यातल्या त्यात बरा.

पण त्यालाही मृत्यूची नोंद वेळेवर लागते. कारणाच्या नोंदीवर तर विसंबताच येत नाही: 2020 मध्ये आपल्याकडे नोंदलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित झालेले जेमतेम साडेबावीस टक्के होते. पुढच्या साथीत रंगीत नकाशे कोणीही बनवील. महापालिकेच्या आणि ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदींचे आकडे महिन्याच्या महिन्याला जाहीर होणार नसतील, तर त्या नकाशांवर आपला क्रमांक शोधण्यात अर्थ नाही.