आपल्या हातचा कर्नल

लिनक्स कर्नलचा सगळा सोर्स कोड कर्नल डॉट ऑर्ग या संकेतस्थळावर कुणालाही मोकळा आहे. दाबून बांधलेली फाइल साधारण दीडशे एमबीची, उलगडली की दीड जीबीच्या आसपास भरते. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी सप्टेंबर १९९१ मध्ये ०.०१ ही पहिली आवृत्ती काढली, तेव्हा तिच्यात सुमारे दहा हजार ओळी होत्या. आज त्या तीन कोटींच्या पुढे गेल्या आहेत आणि निम्म्याहून अधिक ओळी एकट्या ‘ड्रायव्हर्स’ डिरेक्टरीत आहेत. ज्या ३८६ प्रोसेसरवर टोरवाल्ड्स यांनी काम सुरू केलं, त्याचा आधार मात्र २०१३ साली आलेल्या ३.८ आवृत्तीत काढून टाकला गेला.

एवढ्या पसाऱ्यातून आपल्या मशीनपुरता कर्नल बांधून घेण्याची आज कुणावर सक्ती नाही. डेबियन, उबुंटू, फेडोरा तयार कर्नल देतात आणि तो उत्तम चालतो. नव्वदच्या दशकात ही सोय अपुरी होती. ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स बसवणाऱ्याला साउंड कार्डातून आवाज काढायचा तरी बऱ्याचदा कर्नल कंपाइल करावा लागे. वर, नवा कर्नल जागेवर ठेवला की ‘लिलो’ची आज्ञा आठवणीने चालवावी लागे. हा बूटलोडर कर्नलची फाइल नावाने शोधत नसे, डिस्कवरच्या नेमक्या कुठल्या ब्लॉकमध्ये ती आहे हे टिपून ठेवत असे. आज्ञा विसरली की मशीन बऱ्याचदा सुरूच होत नसे. ती सक्ती गेली हे बरंच झालं. तरीही संगणक शिकणाऱ्या प्रत्येकाने हे काम एकदा तरी करावं, असं मला मनापासून वाटतं. आपल्या पुढ्यातलं यंत्र कशाकशाचं बनलं आहे, हे इतक्या बारकाईने विचारणारं दुसरं काम माझ्या पाहण्यात नाही.

ही विचारणा ‘मेक मेन्युकॉन्फिग’ या आज्ञेने सुरू होते. निळ्या पडद्यावर यादी उघडते आणि बहुतेक ओळींना तीन उत्तरं चालतात : वाय, एम, एन. वाय म्हणजे कर्नलच्या अंगातच हवं. एम म्हणजे वेगळं मॉड्यूल करा, लागेल तेव्हा चढवू. एन म्हणजे नको. प्रश्न हजारोंनी आहेत. त्यांच्यासोबतचा मदतीचा मजकूर मला फार आवडतो. हा कोड कुठल्या चिपसाठी आहे, कुणाला लागेल, कुणाला लागणार नाही, हे तिथे दोन-चार वाक्यांत सरळ सांगितलेलं असतं आणि अनेकदा शेवटी सल्ला येतो, खात्री नसेल तर एन म्हणा.

उत्तरं ‘डॉट कॉन्फिग’ नावाच्या साध्या फाइलीत साठतात. ती उघडून वाचावी. स्वीकारलेल्या गोष्टीच्या नावापुढे वाय किंवा एम असतं, नाकारलेल्या गोष्टीच्या ओळीआधी हॅश आणि शेवटी ‘इज नॉट सेट’. एरवी हॅशने सुरू होणारी ओळ नुसती टिप्पणी असते, इथे मात्र तीही वाचली जाते. ती पुसली की दिलेला नकारही पुसला जातो आणि प्रश्न नव्याने समोर येतो. हातातल्या अँड्रॉइड फोनचा कर्नल आणि पुण्याच्या सी-डॅकमधल्या परम सिद्धी-एआय महासंगणकाचा कर्नल मुळात याच सोर्समधून निघतात. दोघांना वेगळं करण्यात या फाइलीतल्या उत्तरांचा वाटा फार मोठा आहे.

पहिल्या प्रश्नापासून सगळं सोडवत कुणी बसत नाही. बूट डिरेक्टरीतून चालू कर्नलची कॉन्फिग उचलायची आणि तिच्यात फेरफार करायचे. ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ त्या क्षणी चढलेली मॉड्यूल पाहून बाकीची गाळून टाकतं, त्यामुळे कंपाइलचा वेळ खूप वाचतो. मात्र पेनड्राइव्ह किंवा वेबकॅम तेव्हा जोडलेला नसेल तर त्याचं मॉड्यूलही गाळलं जाऊ शकतं. म्हणून आधी सगळं जोडून घ्यावं.

मग ‘मेक’. प्रोसेसरला जितके कोअर तितकी कामं एकदम चालवायला सांगायची. पडद्यावर ‘सीसी’ आणि पुढे फाइलचं नाव, अशा ओळी सरकत राहतात. इथपर्यंत रूटचे अधिकार लागत नाहीत आणि घेऊही नयेत. ते लागतात बसवताना : आधी ‘मॉड्यूल्स इन्स्टॉल’, नंतर ‘इन्स्टॉल’. क्रम महत्त्वाचा आहे, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

मशीन सुरू झाल्यावर कर्नलला मुख्य डिस्क उघडायची असते. डिस्कचा ड्रायव्हर एम म्हणून बांधला असेल तर त्याची फाइल असते त्याच डिस्कवर. कपाटाची किल्ली कपाटातच राहिल्यासारखी ही गत. म्हणून इनिटरॅमएफएस नावाची छोटी फाइलसिस्टिम कर्नलबरोबरच मेमरीत चढवली जाते. ‘इन्स्टॉल’च्या वेळी तिच्यात हे ड्रायव्हर भरले जातात, आणि ते उचलायचे तर मॉड्यूल आधी जागेवर हवीत. पहिल्यांदा बांधणाऱ्याची गाडी बहुधा इथेच अडते : ‘कर्नल पॅनिक’, खाली रूट फाइलसिस्टिम माउंट होत नसल्याची तक्रार. घाबरायचं कारण नाही. जुना कर्नल काढलेला नसेल तर तो ग्रब या बूटलोडरच्या यादीत असतोच. त्यावरून मशीन सुरू करावं, डिस्कचा ड्रायव्हर आणि फाइलसिस्टिम दोन्हींना वाय द्यावं आणि पुन्हा बांधावं. सिक्युअर बूट चालू असेल तर कर्नलवर स्वतःच्या किल्लीने सही करून ती किल्ली मशीनमध्ये नोंदवावी लागते.

साधारण नऊ-दहा आठवड्यांनी टोरवाल्ड्स पुढची आवृत्ती काढतात. जुनी डॉट कॉन्फिग नव्या सोर्समध्ये ठेवून ‘मेक ओल्डकॉन्फिग’ म्हटलं की दिलेली उत्तरं तशीच राहतात आणि नव्याने आलेले प्रश्न तेवढे ‘न्यू’ अशी खूण लावून एकेक करून विचारले जातात. एंटर दाबत ते उडवून देऊ नयेत. मधल्या काळात कुठली चिप, कुठली फाइलसिस्टिम, सुरक्षेची कुठली सोय आत आली, हे तिथे ओळीओळीने वाचायला मिळतं.