मोटारीचें बोलणें बंद करावें काय?

बोरघाटाच्या माथ्यावर प्रवाशांवर नजर ठेवण्याची प्रथा फार जुनी आहे. लोहगड, विसापूर आणि राजमाची या किल्ल्यांचें महत्त्व मुख्यतः घाटवाटेवरील पहाऱ्यासाठींच होतें. आजहि पहारा आहेच. फक्त त्याचें रूप पालटलें आहे. टोलनाक्यावर फास्टॅग मोटारीची नोंद करतो, आणि मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावरील कॅमेरे तिचा वेग टिपतात. परंतु या सर्व पहाऱ्यांना एक मर्यादा असते. पहारेकरी बाहेर, आपल्या जागीं उभा असतो. त्याला ओलांडून पुढें गेलें कीं प्रवासी पवनेच्या कांठीं गेला कीं कार्ल्याच्या लेण्यांकडे वळला, हें त्याला कळत नाहीं.

गेल्या कांहीं वर्षांत मात्र नोंद ठेवणारा मोटारीच्या आंतच येऊन बसला आहे. २०१९ च्या मे महिन्यांत ह्युंदाईची व्हेन्यू व जून महिन्यांत एम. जी. कंपनीची हेक्टर या मोटारी भारतांत आल्या, आणि 'कनेक्टेड' मोटार हा शब्द घरोघरीं पोंचला. ह्युंदाईच्या सेवेचें नांव ब्ल्यूलिंक. टाटांची आयरा, मारुतीची सुझुकी कनेक्ट, महिंद्रांची ॲड्रेनॉक्स. नांवें निराळीं असलीं तरी या सेवांचा गाभा एकच आहे. त्याला टेलिमॅटिक्स म्हणतात. ही सेवा बंद करतां येते काय, आणि येत असल्यास बंद करावी काय, असा प्रश्न आज अनेक मोटारधारकांच्या मनांत येतो. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं हें यंत्र काय करतें तें नीट समजून घेतलें पाहिजे.

मोटारीच्या डॅशबोर्डमागें किंवा अशाच एखाद्या आडोशाच्या जागीं एक लहानशी पेटी बसविलेली असते. उपग्रहांच्या साहाय्यानें स्थान ओळखण्याची सोय, मोबाइलच्या जाळ्यांतून संदेश पाठविणारें सिमकार्ड, आणि मोटारीच्या अंतर्गत तारांशीं जोडणारा दुवा, अशीं तिचीं तीन मुख्य अंगें होत. अनेक पेट्यांत मुख्य बॅटरीची तार तुटली तरी थोडा वेळ काम चालावें म्हणून एक छोटी बॅटरीहि असते. सिमकार्ड बहुधा पेटींतच पक्कें केलेलें असतें. फोनमधल्याप्रमाणें तें काढतां येत नाहीं. माणसांच्या मोबाइल क्रमांकांचे आंकडे दहा. अशा यंत्रांसाठीं मात्र भारतांत २०१८ मध्यें तेरा आंकडी क्रमांकांची योजना सुरू झाली. यावरून यंत्रांची ही निराळी वस्ती केवढी वाढणार, याची कल्पना येते.

आधुनिक मोटारींत ब्रेक, इंजिन, दारें, पट्टे व हवेच्या पिशव्या यांचीं यंत्रें एका सामाईक तारेवरून एकमेकांशीं बोलत असतात. पेटी तें बोलणें ऐकते आणि त्यांतील निवडक भाग कंपनीच्या दूरस्थ संगणकाकडे पाठविते. मालकाच्या फोनवर जें दिसतें तें तेथूनच परत आलेलें असतें. लोणावळ्याच्या बंगल्याच्या ओसरीवर बसून एखाद्या गृहस्थानें अंगणांतील मोटारीचें दार फोनवरून बंद केलें, तर तो हुकूम ओसरीवरून अंगणांत सरळ जात नाहीं. आधीं कंपनीच्या संगणकाकडे जातो व तेथून मोटारीकडे येतो. मोटार आणि मालक यांच्यामध्यें एक तिसरा पक्ष कायमचा उभा राहतो तो असा.

या तिसऱ्या पक्षाचा उपयोग नाहीं असें कोणी म्हणूं नये. श्रावणांतील रात्र, खंडाळ्याचें धुकें, निसरडा रस्ता आणि कठड्यावर आदळलेली मोटार, असें चित्र डोळ्यांपुढें आणावें. आंतील माणूस शुद्धीवर नाहीं. हवेच्या पिशव्या उघडल्याबरोबर पेटी आपण होऊन संदेश पाठविते, आणि अपघाताची जागा मदत-केंद्राला कळते. युरोपीय संघानें ३१ मार्च २०१८ पासून नव्या नमुन्याच्या मोटारींत अशी संकटकालीन हांक सक्तीची केली, ती याच कारणास्तव. चोरीला गेलेल्या मोटारीचा मागहि या पेटीनें लागूं शकतो. मात्र तिचा सारा भरंवसा मोबाइलच्या जाळ्यावर असतो. अंदर मावळ किंवा पवन मावळ यांतील डोंगरांच्या आडोशाला जेथें फोन मुका होतो, तेथें बहुधा मोटारहि मुकी होते.

आतां दुसरी बाजू. मावळांतील तळेगांवच्या कारखान्याचा इतिहास येथें लक्षांत घेण्याजोगा आहे. २००८ मध्यें तो सुरू केला अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीनें. २०२० च्या अखेरीस तिनें तेथील उत्पादन थांबविलें. पुढें ह्युंदाईनें तो कारखाना विकत घेतला, आणि २०२५ पासून तेथें पुन्हां मोटारी तयार होऊं लागल्या. याच जनरल मोटर्सनें १९९६ मध्यें अमेरिकेंत ऑनस्टार ही मोटारींतील संदेशसेवा बाजारांत आणून या धंद्याचा पाया घातला होता. त्याच सेवेसंबंधानें पुढें अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें आरोप केला कीं, ग्राहकांची स्पष्ट संमति न घेतां त्यांच्या मोटारींचें स्थान व चालविण्याच्या सवयी टिपण्यांत आल्या, ग्राहकांसंबंधीं अहवाल तयार करणाऱ्या कंपन्यांना ती माहिती विकण्यांत आली, आणि तिचा उपयोग विम्याचे हप्ते ठरवितांना झाला. जानेवारी २०२५ मध्यें कमिशननें जी तडजोड जाहीर केली तिच्यानुसार अशा कंपन्यांना ती माहिती देण्यास जनरल मोटर्सला पांच वर्षें मनाई झाली. हा प्रकार अमेरिकेंतला. तळेगांवच्या मोटारींशीं त्याचा संबंध नाहीं. पण जीव वाचविण्यासाठीं बसविलेली पेटी मालकाच्या नकळत त्याच्याविरुद्ध साक्ष देऊं शकते, एवढें त्यावरून सिद्ध होतें.

दुसरें उदाहरण २०१५ मधील. दोघां संशोधकांनीं जीप कंपनीची एक मोटार मोबाइलच्या जाळ्यांतून दुरूनच ताब्यांत घेऊन दाखविली, आणि सुमारें १४ लाख मोटारी दुरुस्तीसाठीं परत बोलवाव्या लागल्या. बोलण्याची वाट उघडी असली कीं तीच आंत शिरण्याचीहि वाट होऊं शकते.

परंतु सामान्य कुटुंबाला याहून जवळचा एक प्रश्न आहे. मोटार एक, चालविणारीं माणसें अनेक. आणि ॲप बहुधा एकाच्याच फोनवर. पत्नी, कॉलेजांत जाणारा मुलगा किंवा पगारी ड्रायव्हर कोठें थांबला, किती वेळ थांबला, हें ॲप ज्याच्या हातीं असेल त्याला बसल्याजागीं दिसतें. सांगून ठेवलेली ती काळजी. न सांगतां ठेवलेली ती पाळत. तसेंच मोटार विकली, पण जुन्या मालकाचें खातें तसेंच राहिलें, तर नव्या मालकाच्या दारांतील मोटार जुन्याच्या फोनवर दिसत राहण्याचा धोका असतो. जुनी मोटार घेणारा टायर पाहतो, इंजिन ऐकतो. खात्याची चौकशी मात्र क्वचितच करतो.

कायद्याची स्थिति अशी आहे. खाजगी मोटारींत ही सेवा चालू ठेवण्याची सक्ति नाहीं. प्रवासी वाहतुकीच्या टॅक्सी व बसगाड्या यांची गोष्ट वेगळी. १ जानेवारी २०१९ पासून नोंदल्या जाणाऱ्या अशा गाड्यांना स्थानदर्शक यंत्र व संकटकाळचें बटण केंद्रीय नियमानेंच लावलें आहे. तें प्रवाशांच्या रक्षणासाठीं असल्यामुळें त्याला हात लावूं नये. खाजगी जीवनाचा हक्क हा मूलभूत हक्क होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं दिला. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यांत असें तत्त्व आहे कीं, संमति देणें जितकें सोपें, तितकेंच ती परत घेणेंहि सोपें असावें. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले. अंमलबजावणी टप्प्याटप्प्यानें अठरा महिन्यांत व्हावयाची आहे.

आतां प्रत्यक्ष कृति. येथें पायरी ओळखून चालावें. सौम्य उपाय आधीं, कठोर उपाय शेवटीं. पहिली पायरी मोटारीच्या पडद्यावरील व ॲपमधील पर्यायांची. स्थान कळविणें, चालविण्याच्या सवयींचा अहवाल, आवाजी हुकूम, यांपैकीं जें नको तें वेगवेगळें बंद करतां येतें काय, हें माहितीपुस्तक उघडून पाहावें. पुष्कळांचें समाधान येथेंच होईल.

दुसरी पायरी कंपनीला लेखी कळविण्याची. नुसतें ॲप फोनमधून काढल्यानें कांहीं साधत नाहीं. घरांतील आरसा काढला म्हणून घर दिसेनासें होत नाहीं. तसेंच मोफत मुदत संपून वर्गणी भरली नाहीं, म्हणजे पेटी गप्प बसलीच, असें धरून चालूं नये. पत्रांत तीन प्रश्न स्पष्ट विचारावेत: सेवा बंद झाल्यावर पेटी कांहीं माहिती पाठविते काय? संकटकाळचें बटण चालू राहील काय? आणि आजवर सांठलेली माहिती पुसली जाईल काय? उत्तर लेखीच मागावें.

तिसरी पायरी खातें तोडण्याची, आणि मोटार विकतांना ती अनिवार्य समजावी. मोटार खात्यांतून वगळावी, ज्यांना ज्यांना पाहण्याची मुभा दिली त्यांचीं नांवें काढावीत, आणि मोटारीच्या पडद्यांत सांठलेले फोनक्रमांक व पत्ते पुसून टाकावेत. घेणाऱ्यानेंहि हें आपल्या समक्ष करवून घ्यावें.

चौथी व शेवटची पायरी पेटीचा फ्यूज काढण्याची किंवा तिची जोडणी सोडविण्याची. ही घाईनें चढूं नये. कित्येक मोटारींत तोच फ्यूज इतरहि कामांना वीज पुरवितो. कांहींत फोनवर बोलण्याचा मायक्रोफोनच बंद पडतो, कांहींत धोक्याचा दिवा कायम जळत राहतो, आणि कंपनीच्या हमीसंबंधानें वाद निघूं शकतो. म्हणून हें काम जाणत्या कारागिराकडून व हमीच्या अटी वाचूनच करावें. तारा तोडूं नयेत. जवळच हवेच्या पिशव्यांच्या तारा असूं शकतात. संदेश दाबून टाकणारें जॅमर यंत्र तर मुळींच वापरूं नये. सरकारी परवानगीवांचून तें बेकायदेशीर आहे, आणि त्यानें शेजारच्या जखमी माणसाचीहि हांक अडेल.

ज्यानें ही सेवा बंद केली त्यानें तिच्या जागीं दुसरी व्यवस्था केली पाहिजे. ११२ हा क्रमांक घरांतील प्रत्येकाला पाठ असावा. घाटांतून रात्रीं निघतांना वाट व पोंचण्याची वेळ घरीं सांगून ठेवावी. शिवाय खिशांतील फोनचा नकाशा स्थान टिपीत राहिला, तर मोटारीचें तोंड बंद करून अर्धेंच काम साधतें, हेंहि विसरूं नये.

तात्पर्य, या पेटींत दोन गोष्टी एकाच गांठीनें बांधल्या आहेत: संकटांतील हांक आणि रोजची नोंद. गांठ तोडली तर दोन्ही जातात. सोडविली तर पहिली ठेवून दुसरी टाकतां येण्याचा संभव असतो. ज्या मोटारींत ती सुटते तेथें सोडवावी. जेथें सुटत नाहीं तेथें वारंवार घाट ओलांडणाऱ्यानें हांक राखावी हें शहाणपणाचें. केवळ शहरांत फिरणाऱ्यानें आपला निर्णय निराळा केला तरी तो चूक म्हणतां येणार नाहीं. मात्र जो निर्णय होईल तो मोटार वापरणाऱ्या घरांतील सर्वांना ठाऊक असावा. शोरूममध्यें किल्ली हातीं घेतांना ज्या कागदावर घाईनें सही केली, तो कागद एकदां शांतपणें वाचावयास बसणें, हाच त्याचा आरंभ होय.