भारोद्वहन की भ्रमण? : अर्धशक्तीच्या निकषावर

चाळिशी ओलांडलेल्या मधुमेही रुग्णास ‘रोज चालत जा’ एवढेच सांगून आपण वैद्य बहुधा चिठ्ठी लिहावयास घेतो. सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. चालण्या-पोहण्याने हृदय व श्वसन यांची क्षमता वाढते; परंतु वयपरत्वे होणारा मांसक्षय त्याने पुरेसा थांबत नाही. त्यासाठी स्नायूंवर उत्तरोत्तर वाढता भार पडावा लागतो. शिवाय जेवणानंतर रक्तातील शर्करेचा मोठा वाटा स्नायूच शोषून घेतात. तेव्हा भारोद्वहन ही केवळ तालमीतील तरुणांची बाब नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शिकेतही आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायामाच्या जोडीला किमान दोन दिवस बलवर्धक व्यायाम सांगितला आहे.

खरा प्रश्न मात्रेचा. सुश्रुत व वाग्भट दोघांनीही अर्धशक्तीची मर्यादा घातली. हृदयस्थ वायू मुखाशी येऊ लागणे हे तिचे सुश्रुतोक्त लक्षण. भरभर चालताना ते आपसूक कळते. वजन उचलणारा मात्र श्वास रोखून धरतो. लक्षण उमटतच नाही आणि रक्तदाब क्षणार्धात चढतो. यास्तव उचलताना श्वास सोडण्यास शिकवावे. अनियंत्रित रक्तदाब वा अंत्रवृद्धी असता जड वजन वर्ज्यच. जोर-बैठकांत भार स्वदेहाचाच असतो, आरंभ तेथून बरा.

औषधी दुकानदार बंधूंस एक विनंती : अश्वगंधेसोबत कोणी ‘वजन वाढविण्याची’ निनावी पुडी मागितल्यास देऊ नये. अशा चूर्णांत स्टेरॉइडची भेसळ आढळलेली आहे.