सुरीवरील खाच

(पाया लेबार, सिंगापूर येथील मराठी कुटुंबांच्या मेळाव्यात केलेल्या ध्वनिमुद्रित भाषणावरून)



गेल्या महिन्यात एका नेपाळी स्नेह्याच्या घरी माझ्या नातवाने भिंतीवरची हातघडणीची खुकरी पाहिली. मुठीजवळ, धारेच्या बाजूसच, पात्याला कोरीव खाच होती. तो म्हणाला, “आजोबा, ही सुरी तर बाद!” शोहेतच्या सुरीविषयी त्याने माझ्याकडून जे ऐकले होते, त्यावरून त्याने हा निकाल दिला. त्यास दिलेले उत्तर आज आपणांपुढे मांडतो.

खुकरी या परिसरास नवी नाही. १९४९ साली स्थापन झालेल्या सिंगापूर पोलिसांच्या गुरखा तुकडीची माऊंट व्हर्नन छावणी येथून जवळच आहे. नेपाळात कामी जातीचे लोहार पोलाद तापवून, ठोकून खुकरी घडवितात. तिच्या खाचेस ‘कौडा’ म्हणतात. कोणी त्या खाचेत गाईचे खूर पाहतो, कोणी शिवाचा त्रिशूळ. व्यवहारातील कारणेही सांगतात: रक्त किंवा चीक मुठीवर न ओघळता तेथेच गळून पडावा, आणि धार लावणाऱ्यास धारेची सीमा कळावी. पात्यावरील लांब पन्हळीस पुष्कळ लोक ‘रक्ताची वाट’ समजतात. वस्तुतः तिच्यामुळे पात्याचे बळ फारसे न घटता वजन कमी होते. शेजारच्या गेलांग सेराईतील मलय लोकांच्या ‘क्रिस’ खंजिराची वळणे विषम संख्येतच असतात. तेथे श्रद्धेचा भाग मोठा. म्हणजे जी खूण आपण नुसती नक्षी समजतो, तिच्यामागे बहुधा काही हेतू असतो.

आपल्या शेहिताच्या सुरीवर, म्हणजे ‘हलाफ’वर, अशी एकही खूण नसते. तिला टोक नसते. पाते सरळ व गुळगुळीत असते. धारेवर खाच असली तर सुरी कापीत नाही, फाडते, आणि जनावरास यातना होतात. म्हणून शोहेत ती धार बोटाच्या मांसावर व नखावर, तिन्ही अंगांनी फिरवून पाहतो. कापण्यापूर्वी आणि कापल्यानंतरही. नख किंचित जरी अडले, तरी सुरी बाद.

माझे वडील अलिबागजवळच्या आमच्या गावी शोहेत होते. एका रोश हशानाच्या आदल्या दिवशी त्यांनी चार घरांच्या कोंबड्या कापल्या आणि शेवटी धार तपासताना त्यांचे नख अडले. आईने सुरी उजेडात धरली; तिला काहीच दिसेना. ती म्हणाली, “अहो, मला तर कुठेच खाच दिसत नाही.” वडील म्हणाले, “मला लागली ना!” मध्ये धार तपासली नव्हती; त्यामुळे खाच केव्हा पडली हे कळण्यास मार्ग नव्हता. चारही कोंबड्या अन्यधर्मीय शेजाऱ्यांस देऊन टाकल्या. वडिलांनी चारही घरी जाऊन स्वतः सांगितले व पैसे भरून दिले. त्या सणास आमच्या घरी वालाचे बिरडे शिजले. धाकटा भाऊ कुरकुरला, “बिरड्याचा सण तर केव्हाच होऊन गेला!” वडील काही बोलले नाहीत, सुरी दगडावर घाशीत बसले.

नातवास मी इतकेच सांगितले: खुकरीची खाच तिच्या कामाची आहे, म्हणून ती घडविणाऱ्याने सर्वांना दिसेल अशी ठेवली. आपल्या सुरीची खाच बहुधा एकट्या शोहेतलाच कळते, आणि तो ती सांगतो या विश्वासावर आपण जेवतो. आपापल्या मुलांना एकदा शोहेतकडे न्या आणि ती सुरी दाखवा.

शालोम.