जखमेची रसद

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरउतारांवर आवणीच्या दिवसांत चिखलात राबणाऱ्या पायाला झालेली जखम यथावकाश भरून येते, आणि तिकडे कोणी फिरून पाहतही नाही. परंतु त्या कातडीखाली पेप्टाइड नामक सूक्ष्म द्रव्यांचा केवढा कारभार चाललेला असतो!

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची आखूड साखळी. तीच पुरेशी लांबली की तिला प्रथिन म्हणतात. रक्त वाहू लागताच प्लेटलेट पेशी वाढीस चालना देणारी द्रव्ये सोडतात. ३७ अमिनो आम्लांचे ‘एलएल-३७’ हे पेप्टाइड जंतूंची आवरणे भेदते. आणि विघटित झालेल्या कोलॅजन या प्रथिनाचे तुकडेदेखील, संस्थानी अमदानीतल्या जासुदांप्रमाणे, पेशींना दुरुस्तीचा सांगावा पोहोचवतात.

वैद्यकाने ही विद्या अंशतः हस्तगत केली आहे. ५१ अमिनो आम्लांचे इन्सुलिन १९२२ पासून रुग्णांना मिळू लागले; ठिसूळ हाडांवरील टेरिपॅराटाइड हे पॅराथायरॉइड ग्रंथीच्या ८४ अमिनो आम्लांच्या संप्रेरकातील पहिल्या ३४ आम्लांचेच बनलेले आहे. मात्र जखमा आणि स्नायुबंध झपाट्याने सांधते अशी ख्याती झालेल्या ‘बीपीसी-१५७’चा पुरावा मुख्यतः प्राण्यांवरील प्रयोगांचा असून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यास मान्यता दिलेली नाही, अशा कुपीवर पैसा खर्चणाऱ्याचे मला नवल वाटते.

कारण शरीर आपली पेप्टाइडे स्वतःच घडवते. त्यास हवी असते ती कच्च्या मालाची रसद. नव्या त्वचेस बळकटी देणाऱ्या कोलॅजनच्या साखळीत दर तिसरे अमिनो आम्ल ग्लायसिन असते, आणि ती साखळी पक्की होण्यास क जीवनसत्त्व लागते. पण इथल्या ताटातल्या नागली-वरईत लायसिन हे अमिनो आम्ल तोकडे. ती उणीव तूर-उडीद भरून काढतात, पण डाळ रोज ताटात पडतेच असे नाही. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी कुपोषणाची वार्ता सरकारदरबारी पोहोचवली. कुपोषित देहात जखम चिघळते आणि जंतुसंसर्ग बळावतो, हे कोणताही डॉक्टर सांगेल.

२०१५ साली सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत आदिवासी भागांतील गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीमार्फत चौरस आहार मिळू लागला. पुढे बालकांसाठी अंड्यांचीही तजवीज झाली. अंड्यातील प्रथिनाचे पोटात तुकडे होतात, आणि त्यांपैकी दोन-तीन आम्लांची चिमुकली पेप्टाइडे आतड्याचे अस्तर जशीच्या तशी शोषून घेते. दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर गेले की मात्र हा बंदोबस्त खंडित होण्याचा धोका असतो, आणि त्यावरचा उपाय प्रयोगशाळेच्या अखत्यारीत येत नाही.