चिलटांचं पाळणाघर कुठं?

चिलटं तुम्हाला ठाऊक आहेतच. केळी घरात दोन दिवस जास्त राहिली की फळांच्या टोपलीवर घिरट्या घालतात ती. कुणी त्यांना घुंगुरटी म्हणतं. आपण हातानं हाकलतो, ती उडतात आणि पुन्हा तिथंच येऊन बसतात. पण हीच चिलटं एखाद्या पाळलेल्या पालीच्या घरात शिरली तर काय करायचं?

हसू नका! पाल पाळणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. माझा भाचा अमेरिकेत न्यू जर्सीला राहतो, सातवीत आहे. त्याच्याकडे क्रेस्टेड गेको जातीची पाल आहे. तिचं नाव चिंगी. ही जात मूळची न्यू कॅलेडोनियाची, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला प्रशांत महासागरात जी बेटं आहेत तिथली. ही पाल जगातून नाहीशी झाली असंच शास्त्रज्ञ समजत होते. मग 1994 मध्ये ती पुन्हा सापडली आणि आता तिची पिल्लं हजारो घरांत वाढताहेत! तिच्या डोळ्यांवर पापण्यांच्या केसांसारखी खवल्यांची झालर असते, पण गंमत म्हणजे मिटायला पापण्याच नसतात. डोळ्यात कचरा गेला की ती सरळ जिभेनं डोळा चाटून साफ करते. आपल्या भिंतीवरच्या पालीची शेपटी तुटली तर पुन्हा येते, हिची मात्र एकदा गेली की गेलीच.

(आता लगेच आईबाबांकडे हट्ट धरू नका बरं का. आपल्याकडचं चांदणी कासव किंवा घोरपड घरात ठेवणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि बाहेरून आणलेल्या प्राण्यांनाही नियम आहेत.)

चिंगी राहते काचेच्या उभ्या पेटीत. पेटीच्या तळाशी नारळाच्या काथ्याचा भुसा आणि माती, त्यात दोन हिरवी रोपं, चढायला एक वाकडीतिकडी फांदी. तिला दमट हवा लागते म्हणून पेटीत पाणी फवारायचं. खाणं काय, तर फळांची पूड पाण्यात कालवून केलेली पेज आणि अधूनमधून एखादा रातकिडा. म्हणजे बघा, ओली माती आहे, गोड फळ आहे, ऊब आहे. चिलटांना आणखी काय हवं?

मागच्या सप्टेंबरात भाच्याचा फोन आला.

"मावशी, चिंगीच्या पेटीत चिलटंच चिलटं झालीत. काच उघडली की नाकातोंडात जातात. आई म्हणते, आता पेटी तरी बाहेर ठेव नाहीतर डासांचा फवारा तरी मार. मारू का?"

"मुळीच नको! आधी तो डबा खाली ठेव," मी म्हटलं.

का नको? चिंगी पाणी वाटीतून क्वचितच पिते. पानांवरचे आणि काचेवरचे थेंब ती चाटते. फवारा मारला की औषध त्याच काचेवर आणि त्याच पानांवर बसणार. म्हणजे ते थेट तिच्या पोटात, आणि डोळा चाटते म्हणून डोळ्यातही. ती जेमतेम चाळीस-पन्नास ग्रॅम वजनाची. जे औषध आपल्याला नुसतं ठसका आणतं, ते एवढ्याशा जिवाला बंद पेटीत मारून टाकू शकतं. चिकट कागद पेटीच्या आत लावणं तर त्याहून वाईट. पालीची पावलं आणि कातडी त्याला चिकटली की सोडवताना सोलून निघते. चिकट कागद लावायचा तो नेहमी पेटीच्या बाहेर, तिची शेपटीसुद्धा पोचणार नाही असा.

तरी ताईचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. घरात चिलटं कुणाला आवडतील? पण फवाऱ्यानं मरतात ती उडणारी, म्हणजे मोठी झालेली. त्यांची अंडी आणि अळ्या तशाच राहतात आणि आठवड्यानं नवी फौज हजर! म्हणून मी भाच्याला सांगितलं, चिलटं मारण्याआधी त्यांचं पाळणाघर शोध. आणि ते शोधायचं तर आधी चिलट कोणतं ते ओळखायला हवं.

त्यानं पेटीबाहेर एका वाटीत थोडं व्हिनेगर आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून ठेवला. साबणानं पाण्याचा वरचा ताण मोडतो, म्हणून वर बसलेलं चिलट तरंगत नाही, बुडतं. शेजारी पिवळा चिकट कागद उभा केला. दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन पाहिलं, तर काय? चिलटं एका जातीची नव्हतीच! वाटीत बुडालेली तपकिरी, गुबगुबीत आणि लालचुटुक डोळ्यांची होती. ती फळमाशी. कागदावर चिकटलेली काळी, बारीक, लांब पायांची, छोट्या डासासारखी. त्यांना इंग्रजीत फंगस नॅट म्हणतात, आपण बुरशीचिलट म्हणू. ती चावत नाहीत. उडतातही रडतखडत, बहुतेक वेळ मातीवर तुरुतुरु पळतात.

दोन जाती, तेव्हा पाळणाघरंही दोन.

फळमाशीचं सापडायला वेळ लागला नाही. पेजेची वाटी दोन-दोन दिवस पेटीत पडून राहायची आणि तिच्या बुडाशी, फांदीच्या सालीवर पेज वाळून आंबलेली होती. त्यातच अळ्या वळवळत होत्या. चिंगी रात्री जागणारी, म्हणून आता वाटी संध्याकाळी ठेवायची आणि सकाळी शाळेत जायच्या आधी काढून धुवायची. सांडलेलं ओल्या फडक्यानं पुसायचं. झालं!

बुरशीचिलटाचं घर मात्र मातीत होतं. ते शोधायला मी त्याला बटाटा वापरायला सांगितलं. कच्च्या बटाट्याची जाड चकती कापून ओल्या मातीवर पालथी ठेवायची आणि दोन-तीन दिवसांनी उचलून पाहायची. खालच्या बाजूला काचेसारख्या पारदर्शक, काळ्या डोक्याच्या बारीक अळ्या दिसल्या, तर चोर पकडला म्हणून समजा. भाच्याच्या चकतीखाली चांगल्या डझनभर होत्या. या अळ्या मातीतली बुरशी आणि कुजकी पानं खातात आणि वरच्या चार-पाच सेंटिमीटर थरातच राहतात. तो थर सतत ओलाचिंब असेल तरच त्यांची चैन. हा मुलगा दिवसातून तीनदा पाणी फवारत होता! मग त्यानं वरची माती काढून नवी घातली, फवारणी संध्याकाळी एकदाच आणि तीही पानांवर, मातीवर नाही. दिवसा वरचा थर कोरडा होऊ द्यायचा. त्याशिवाय बीटीआय नावाचा एक जिवाणू पाण्यात कालवून मातीत घातला. 1976 मध्ये इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या एका डबक्यात तो सापडला होता. डास आणि बुरशीचिलटांच्या अळ्यांनी तो खाल्ला की त्यांचं पोट फाटतं, पण पालीला त्याचा त्रास होत नाही. आपल्याकडेही डासांच्या अळ्या मारायला तो वापरतात.

चौथ्या दिवशी पुन्हा फोन. "मावशी, काही उपयोग नाही. कमी व्हायच्या ऐवजी वाढलीत!"

इथंच बहुतेकांचा धीर सुटतो आणि फवारा बाहेर येतो. पण हिशेब करून पाहा. उबदार हवेत फळमाशीला अंड्यापासून माशी व्हायला सुमारे दहा दिवस लागतात, बुरशीचिलटाला तीन-चार आठवडे. आज पाळणाघर बंद केलं, तरी आधीच कोषात गेलेली बाळं बाहेर यायचीच. म्हणून मी त्याला कॅलेंडरवर रोज कागदावरची नवी चिलटं मोजून आकडा लिहायला लावला. दोन आठवड्यांत फळमाश्या संपल्या. बुरशीचिलटांनी महिना घेतला.

फळमाशीला अगदी तुच्छ मात्र समजू नका. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांनी दुधाच्या बाटल्यांत केळं घालून हजारो फळमाश्या वाढवल्या. 1910 मध्ये त्यांना लाल डोळ्यांच्या घोळक्यात एक पांढऱ्या डोळ्यांची माशी दिसली, आणि तिच्यावरून आईबापांचे गुण पिल्लांत कसे उतरतात याचं मोठं कोडं सुटायला लागलं. 1933 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. एवढंच काय, लहान बेडूक पाळणारे लोक न उडणाऱ्या फळमाश्या मुद्दाम वाढवतात, खाऊ म्हणून!

तुमच्या घरी पाल पाळलेली नसली तरी ही पाळणाघरं असतातच. बटाट्याची चकती कुंडीत ठेवून पाहा. आमच्या चौथीच्या वर्गानं शाळेच्या कुंड्यांत ठेवली, तेव्हा ज्या कुंडीला सगळेजण प्रेमानं पाणी घालत होते तिच्याच चकतीखाली अळ्या निघाल्या. मोरीच्या भिंतीवर केसाळ, पंखांचा बदाम करून बसलेलं चिलट दिसलं, तर ते तिसऱ्याच जातीचं. त्याचं पाळणाघर मोरीच्या जाळीखालच्या बुळबुळीत थरात असतं. तो थर ब्रशनं खरवडून काढायला मोठ्यांना सांगा, नुसतं फिनेल ओतून तो निघत नाही.

आणि फळमाशीची वाढ डोळ्यांनी पाहायची असेल, तर पिकलेल्या केळ्याचा तुकडा बरणीत घालून ती दिवसभर उघडी ठेवा. चार-पाच माश्या आत शिरल्या की जुन्या ओढणीचा तुकडा तोंडावर बांधा आणि बरणीवर तारीख लिहा. दोन-तीन दिवसांत पांढऱ्या अळ्या दिसतील, आठवड्याच्या आत काचेवर तपकिरी कोष. त्यातून माश्या निघाल्या की बरणी अंगणाच्या टोकाला नेऊन उघडा. स्वयंपाकघरात उघडलीत, तर आईला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही पाहा!